गोसावी आणि तांबडमान्या

ज्या साली वसंतपंचमीला माझ्या नातीचं, स्वप्नालीचं, बीडमध्ये लग्न झालं आणि माझा थोरला भाऊ मुंजाजी पंगतीला न बसता वाडीला परत गेला, त्या साली, लग्नाला पुरते पंधरा दिवस झालेले असताना, मी जिवंत असल्याचा दाखला काढायला एका कचेरीत जाऊन बसलो होतो. दाखला द्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस जेवायला गेला होता. सकाळचे अकरा वाजले होते. अकरा वाजता जेवणारी माणसं मी मेंढरांमागं असताना पाहिली नव्हती, ती बीडला आल्यावर पाहिली. बाकावर आणखी चार म्हातारे जिवंत असल्याचं सिद्ध करायला आले होते आणि त्यातल्या दोघांकडं बघून मलाच खात्री वाटत नव्हती. समोरच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या तळ्यांची आणि पाखरांची मोठी रंगीत चित्रं काचेत बसवून लावलेली. वेळ जाईना म्हणून मी एकेक वाचत गेलो. तिसऱ्या काचेत आमचा तलाव होता. दिंद्रुडच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिच्या उशाचा तलाव; सांडव्यापाशी वाकलेली बाभूळ मी झोपेतसुद्धा ओळखीन. पाणकणसाच्या बेटाला लागून एक बगळा उभा. विटकरी मान, मानेच्या दोन्ही अंगांनी उतरत गेलेली काळी रेघ. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'राखी बगळा. उघड्या, उथळ आणि टणक तळाच्या पाण्यात उभा राहतो.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'माहिती : सोमेश्वर तात्या, स्थानिक जाणकार.' सोमेश्वर म्हणजे मी. छापलेलं माझं नाव मी जन्मात पहिल्यांदा वाचत होतो, आणि ते खोट्याच्या खाली होतं.

तो बगळा राखी नव्हता. राखी बगळ्याला आमच्यात गोसावी म्हणतात, कारण अंगाला राख फासल्यासारखा करडा, मान पांढरी, डोक्यामागं काळी शेंडी, आणि सगळ्यांपासून लांब, उघड्या पाण्यात एका पायावर उभा. चित्रातला होता तांबडमान्या, ज्याला पुस्तकात जांभळा बगळा म्हणतात. तो उघड्यावर येतच नाही. कणसात घुसून राहतो, माणूस दिसला की मान सरळ वर करून कणसातलंच एक कणीस होतो. अंगानं गोसाव्यापेक्षा बारीक, मान नागासारखी, आणि पायाची बोटं एवढी लांब की मोडून पडलेल्या कणसांवर तो खुशाल चालतो. खाली पाणी किती, गाळ किती, त्याला देणंघेणं नाही. एवढं शिकायला मला कोणती दुर्बीण लागली नव्हती. आमचा बाप आम्हा दोघा भावांना काठीनं शिकवून गेला. कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, त्याशिवाय लोकरीतली माती निघत नाही आणि कातर चालत नाही. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो आणि एकेक मेंढरू आत ओढून घेतो. तर उभं कुठं राहायचं, हे पाखरू सांगतं. गोसावी उभा असेल तिथं तळ टणक; त्याच्या गुडघ्याला पाणी, तर चार पावलं पुढं माणसाच्या कमरेला. तांबडमान्या उभा असेल तिथं पायच टाकायचा नाही. तोही गुडघाभर पाण्यातच उभा दिसतो, पण तो कणसावर उभा असतो, आणि कणसाखाली जे असतं त्याला तळ नसतो. एकदा मुंजाजीनं हे उलटं सांगितलं तेव्हा बापानं त्याला पाठीवर वळ उठेस्तोवर मारलं होतं. मुंजाजी तेव्हा आठ वर्षांचा. रडला नाही. मला म्हणाला, "ध्यानात ठेव बे, माझ्या पाठीवर लिवलंय."

हे चित्र ज्या दिवशी काढलं तो दिवस मला चांगला आठवतो, आणि तोच तर घोळ आहे. आदल्या हिवाळ्यात पाखरं मोजणारी मंडळी आली होती. मोहनरावांच्या पांढऱ्या गाडीतून आली. मोहनराव म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. तलावाखालची सगळी जमीन त्यांची, आणि जिथं फोटो निघतो तिथं ते आधी पोचलेले असतात. मंडळींचा म्होरक्या सत्यम नावाचा पोरगा. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, टोपीला हनुवटीखाली बांधायला दोरी, जसं काही डोकंच उडून जाणार होतं. मोहनराव म्हणाले, "ह्ये आमचे सोमेश्वर तात्या. मेंढरं वळत वळत वाचायला शिकले. पन्नाशीत." पोरगा माझ्याकडं बघून हसला, बोलायला लागलेल्या पोपटाकडं बघून हसावं तसा. मग त्यानं कणसाकडं दुर्बीण लावली आणि विचारायच्या आधीच वहीत लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. रा, खी. मला सगळं वाचायला वेळ लागतो, पण ही दोन अक्षरं लागली की बाकीचं कळतं.

"काका, हा राखीच ना?"

"साहेब, तुमी लिवलं म्हंजी तसंच असंल."

"नाही, तुम्ही सांगा. तुम्ही जाणकार."

"आमी मेंढरांतले. तुमच्या बुकात काय हाय?"

त्यानं बुक काढलं, दोन पानं उलटली, गोसाव्याच्या पिलाचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा, लहान वयात रंग वेगळा असतो. म्हणजे राखीच." मी म्हणालो, "लई हुशार हायसा." मोहनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मुंजाजी तिथंच बांधावर घोंगडी पसरून बसला होता. त्याच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्याला कणसातलं काही दिसलं नाही. मंडळी गेल्यावर त्यानं विचारलं, "काय लिवलं बे त्येनं?" मी म्हणालो, "त्येचं त्येला म्हाईत." आणि घरी येईपर्यंत मी आतल्या आत हसत होतो. दोन डिग्र्या आणि एवढी मोठी दुर्बीण घेऊन पोरगा गोसावी आणि तांबडमान्या एक करून गेला, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं. असलं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं. शिकलेल्यांची चूक शिकलेल्यांनी भोगावी, असं मी मनात म्हणालो. चूक कोण भोगतं हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

मी अक्षरं का शिकलो, हे लोक कौतुकानं विचारतात आणि मी त्यांना काहीबाही सांगतो. खरं असं की आमची बहीण साखराबाई उमापूरला दिलेली होती. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मुंजाजी मेंढरं घेऊन लांब होता, म्हणून मी एकटाच निघालो. बीडच्या स्टँडवर विचारायची लाज वाटली. सगळे ज्या गाडीत चढले तिच्यात मी चढलो. उतरलो तो आष्टीत. उमापूर एका टोकाला, आष्टी दुसऱ्या. तिथल्या बाजारात बटाट्यांच्या पोत्यांवर बसून मी उरलेला दिवस काढला, आणि दुसऱ्या दिवशी उमापूरला पोचलो तेव्हा बहिणीची राख सावडायची तेवढी उरली होती. त्या वर्षी देवळात प्रौढांचा वर्ग निघाला आणि मी पाटी घेऊन जाऊन बसलो. बावन्न वर्षांचा होतो. मुंजाजी महिनाभर देवळाच्या पायरीवर बसून मला हसायचा. "आरं, आष्टी कुनीकडं हाय ते लिव की फळ्यावर." तो कधी शिकला नाही. मला वाटायचं तो जळतो. मी त्याला अडाणी समजत होतो आणि तो मला घाबरट समजत होता. पण दर वर्षी माघात मेंढरं धुवायच्या दिवशी आम्ही दोघं तलावावर जायचो. गेली दोन वर्षं मी बांधावर उभा राहून सांगायचो, "दादा, गोसावी बाभळीच्या डाव्या अंगाला हाय," आणि तो त्या अंदाजानं पाण्यात उतरायचा. मी त्याचे डोळे होतो, हे आम्ही कुणीच बोलून दाखवलं नाही.

दाखल्याचा माणूस जेवून आला. त्यानं माझ्याकडं बघून मी जिवंत असल्याचं मान्य केलं आणि शिक्का मारला. मी म्हणालो, "साहेब, त्या तिसऱ्या चित्राखालचं नाव चुकलंय."

"कुठलं?"

"त्यो राखी बगळा न्हाई. जांभळा हाय."

तो उठला नाही, पण शेजारचा शिपाई उठून बघून आला. "बाबा, माहिती तर तुमीच दिलीय. तुमचंच नाव हाय खाली."

"मी न्हाई दिली."

"मग नाव कावून हाय?"

याला उत्तर होतं, पण ते त्याच्यासमोर देण्यासारखं नव्हतं. साहेब कान कोरत म्हणाला, "अर्ज द्या. सोबत तज्ज्ञाचं पत्र जोडा. आणि बाबा, बगळ्याला काय फरक पडतोय? त्याला थोडंच वाचता येतंय." बाकावरचे जिवंत म्हातारे हसले. शिपायाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "हितलं सोडा, अशीच फळी तुमच्या तलावावर बी लावलीय, दिवाळीला. बांधावरच. मोहनरावांनी नारळ फोडला. तुमच्या वाडीचं नाव झालं, खूश व्हायचं का तोंड पाडायचं?" मी दसऱ्यापासून मुलाकडं बीडला होतो. फळीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मुंजाजीनं सांगितलं असतं, पण तो लग्नाला आला तेव्हा बोलणं होण्याआधीच निघून गेला होता.

तिथून मी चालत निघालो. रिक्षावाले हाका मारत होते, मी बिंदुसरेच्या पुलापर्यंत आलो आणि कठड्याला टेकलो. खाली नदी नव्हती, शहरानं धुतलेलं पाणी होतं, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये पाच-सहा पांढरे गायबगळे किडे वेचत होते. त्यांना पाहून मला शिसारी आली. मी मनात मोजायला लागलो. माघ वद्य लागलेला. मुंजाजी मेंढरं धुवायच्या बेतात असणार. गेल्या उन्हाळ्यात मोहनरावांनी मशिनं लावून तलावातला गाळ उपसला आणि आपल्या शेतात पसरला. शेतं काळीभोर झाली आणि तलावात हत्ती बुडतील असे खड्डे राहिले. पावसाळ्यात ते नुसत्या रबरबीत चिखलानं भरले आणि वरून पाणकणीस मोडून आडवं झालं. धुवायची जुनी जागा मोडली. आता पाखरू बघितल्याशिवाय पाण्यात पाय टाकता येणार नव्हता, आणि मुंजाजीला पाखरू दिसत नव्हतं. मी इथं. मग त्याच्याबरोबर कोण जाणार? त्याची सून मनिषा. बारावी झालेली, गुणी, पण माळकरी गावातली, जिथं ना तळं ना मेंढरं. पाखरातलं तिला काही कळत नाही. तिला वाचता येतं. ती फळी वाचणार. विटकरी मान बघणार, चित्र बघणार, आणि म्हणणार, मामा, राखी उभाय. आणि मुंजाजीच्या डोक्यात राखी म्हणजे गोसावी, गोसावी म्हणजे टणक तळ. पाठीवर लिहिलेलं. हे सगळं मला पुलावर इतकं लख्ख दिसलं की मी कठडा घट्ट धरला. मागून एक बाई म्हणाली, "बाबा, चक्कर आली का?" मी तिला म्हणालो, "न्हाई, तुमी चालू पडा." चांगुलपणा करणाऱ्या माणसांचा मला राग येतो; त्यांना नेमकं तेव्हाच दिसतं जेव्हा आपल्याला कुणी बघू नये.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आदिनाथ, माझा मुलगा, कामावर होता. सून संगीता पाण्याचे जार मोजून घेत होती. गॅलरीत दोरीवर ती घोंगडी अजून होती. मुंजाजीनं स्वप्नालीसाठी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची विणून आणलेली. आमच्यात नातीला घोंगडी दिल्याशिवाय चुलत आजा अक्षता टाकत नाही. संगीतानं ती पाहुण्यांसमोर हातात घेतली, नाकाजवळून नेताना तिचा चेहरा बदलला, आणि तिनं ती गॅलरीत नेऊन टाकली. "जरा वारं लागू द्या," म्हणाली. मुंजाजीला दिसत कमी होतं, पण घोंगडी कुठं गेली तेवढं दिसलं. त्यानं माझ्याकडं मान वळवली. मी मोहनरावांना अत्तर लावत होतो. मी ते तसंच लावत राहिलो. मला संगीताचा राग नाही. तिनं नाक मुरडलं ते मोकळेपणानं मुरडलं. मी मुरडलं ते आत, आणि वरून अत्तर लावलं.

तीन वाजता मी मनिषाच्या फोनवर फोन लावला. मुंजाजीनंच उचलला.

"कोन बोलतंय?"

"मी."

"मी म्हंजी कोन? हितं लई जन मी हायत."

"दादा, मी सोमा."

त्याच्या मागं मेंढरं ओरडत होती, त्यांना त्यानं हाकललं. मग तो म्हणाला, "घोंगडीचा वास गेला का बे?"

"मेंढरं कधी धुनार?"

"उद्या. कावून? पाव्हणे आणतोस का फोटू काढायला?"

"तलावाचं बघून उतर. खड्डे पडलेत."

"आता तू मला तलाव सांगनार? तिसऱ्या मजल्यावरनं?" तो हसला. देवळाच्या पायरीवरचं हसणं. "आष्टीला पोचलास का मागारी आलास ते सांग आधी."

बहिणीचं मरण मध्ये घालून हसणारा माणूस माझा भाऊ होता. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, फळी खोटी हाय, आणि तो मी गिळला. कारण तो बाहेर पडला असता तर त्याच्यामागून दुसरा आला असता: मला तेव्हाच माहीत होतं. आणि हे त्याला कळलं असतं, की त्याचा शिकलेला भाऊ शेजारी उभा राहून खोटं लिहू देत होता आणि मनात हसत होता. तेवढ्यात मनिषानं फोन घेतला. "तात्या, कायबी काळजी करू नका. मामांसंगं मी हाय. फळीवर सगळं लिवलंय, तुमचं नाव बी हाय. राखी बगळा आता मी वळखते." तिच्या आवाजात अभिमान होता. माझा. मागून मुंजाजी ओरडला, "ती चार बुकं तुझ्यापरीस जास्त शिकलीय, ठेव म्हनावं फोन."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मी स्वतःला सांगितलं की सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन मी स्वतःच बांधावर उभा राहीन. काही बोलायची गरज नाही. नेहमीसारखं सांगीन, दादा, अमक्या अंगाला हाय, आणि फळीकडं पाठ करून उभा राहीन. हा बेत मला फार आवडला. त्यात मी काही कबूल करत नव्हतो आणि सगळं सावरत होतो. उरलेली दुपार मी त्या बेताच्या सावलीत काढली, अगदी निवांत. संध्याकाळी आदिनाथ आला तेव्हा त्याला म्हणालो, "उद्या वाडीला जातो." तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "रविवारी गाडीनं जाऊ की सगळे." मी म्हणालो, "मेंढरं धुवायची हायत." तो म्हणाला, "तुमी काय धुनार आता." मला राग आला नाही. माझंच पोर, माझ्याच चालीचं.

सकाळी साडेसहाला मी पिशवी भरून दाराशी बसलो. संगीता म्हणाली, "तात्या, चहा तरी घेऊन जा." दूधवाला आला नव्हता. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "पाच मिनटं." मी बसलो. निघायला पाय उचलत नव्हते आणि चहा हे चांगलं कारण होतं. दूध आलं, चहा झाला, मी बशीत ओतून सावकाश प्यालो. पहिली गाडी गेली. दुसरी माजलगावला थांबून जाणारी मिळाली. तिच्या कपाळावरचं नाव मी दोनदा वाचलं आणि मग चढलो. तेलगावच्या पुढं आलो तेव्हा आदिनाथचा फोन आला. मनिषानं त्याला केला होता. ती त्याला परत परत एकच सांगत होती, की राखीच होता, मी नीट बघितला, फळीवरच्यासारखाच होता, मामांनी मला दोनदा विचारलं होतं.

फळी अजून बांधावर आहे. मी अर्ज दिला नाही. अर्जात मला काय काय लिहावं लागेल हे मला माहीत आहे, आणि तेवढी अक्षरं मला येतात.

माझा थोरला भाऊ मुंजाजी मंगळवारी, अठरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी साडेआठच्या सुमाराला, वाडीच्या तलावात पाणकणसाच्या कडेला गाळात रुतून मेला. त्याचं वय बहात्तर होतं.